ओल्या हातांची मैत्रीण

३ फेब्रुवारी

प्रिय तोफ,

सप्रेम नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. तू तिकडे खुशाल असशील अशी आशा करते.

हसू नकोस. ही वाक्यं शाळेच्या निबंधाच्या पुस्तकात होती आणि पत्राची सुरुवात मला तेवढीच येते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पत्र लिहिलेलं नाही, मग विचारायचं कुणाला? आधी कच्चं लिहून काढलं. हे पक्कं आहे.

मी सगळीकडून बाहेर पडले हे तुला कळलंच असेल. फोटो, ग्रुप, सगळं बंद केलं. कुणावर रागावून नाही. त्या दिवशी औषधांच्या खिडकीवर एका आजोबांना मी गोळ्या समजावून देत होते. तोंडाने 'जेवणानंतर एक' म्हणत होते आणि डोक्यात आपल्या चंपीच्या फोटोखाली काय लिहावं याची जुळवाजुळव चालली होती. नुसता बदाम टाकला तर तिला वाईट वाटेल, फार लिहिलं तर बाकीच्यांना. आजोबा गेले. मग मला घाम फुटला. कॉरिडॉरमधून धावत जाऊन त्यांना गाठलं, पिशवी उघडायला लावली आणि पाकीट पुन्हा तपासलं. सगळं बरोबर होतं. चूक झालीच नव्हती. पण दवाखान्यातल्या माणसाने चूक व्हायची वाट बघू नये, असं मला वाटतं. त्याच संध्याकाळी निघाले. या एका गोष्टीचा मला अभिमान आहे, म्हणून तुला सांगते.

वसतिगृहातल्या आपल्या पाचजणींपैकी तुम्हा चौघींना एकेक पत्र टाकलं आहे. माझी भीती एवढीच की मी तिथे नाही म्हणजे तुमच्या लेखी मी कुठेच नाही, असं होईल. तसं होणार असेल तर निदान तू तरी स्पष्ट सांग. तुझा कारखान्यातला हुद्दा काय, तू जेवतेस कुठे, खोकला गेला का, हे सगळं लिही.

तुझी,
काटेबाई


१९ फेब्रुवारी

काटेबाई,

तुझ्या पत्राच्या पहिल्या दोन ओळी ऐकून मला वाटलं, नोकरीवरून काढल्याची नोटीस आली.

आधी भांडण. सकाळी उठून बघते तर काय, बाईसाहेब ग्रुप सोडून पसार! ना निरोप, ना आवाज. मला वाटलं माझंच काही चुकलं. दोन दिवस स्वतःच्या बोलण्याची उजळणी केली, आणि माझं बोलणं किती असतं ते तुला ठाऊक आहे. पुन्हा कुठून निघायचं झालं तर आधी मला सांगायचं. भांडण संपलं.

चंपीने तुझ्या पत्राचं काय केलं ते तुला दिसणार नाही, म्हणून मी सांगते. तिने त्याचा फोटो काढला, शेजारी कॉफीचा कप ठेवला आणि लिहिलं, 'अजूनही पत्रं लिहिणारी माणसं आहेत!' लोकांनी बदामांचा सडा घातला. तुला उत्तर आलं का तिचं? वाटलंच.

आता माझं. हुद्दा कसला! आमच्याकडे हात धुवायची बेसिनं बनतात. साच्यातून निघालेल्या कच्च्या बेसिनच्या कडा ओल्या स्पंजने पुसायच्या, हे माझं काम. दिवसभर हात चिखलात. खोकला गेला. जेवते तिथेच, बाकावर, सगळ्या बायकांबरोबर.

आमच्यात एक अक्का आहेत. भाजून आलेल्या बेसिनवर लाकडी हातोडीने टिचकी मारायची आणि कान द्यायचा. खणखणीत वाजलं तर पास, बद्द वाजलं तर आत चीर. त्या ऐकत असल्या की आम्ही शिंकही गिळतो. बाई मोठी करारी आहे.

आता खरी गोष्ट. हे कुणाला सांगितलेलं नाही. भट्टीवाले काका निवृत्त होतायत. त्यांच्या जागेसाठी आतल्याच लोकांकडून अर्ज मागवलेत. गेली दोन वर्षं माझं काम संपलं की मी काकांजवळ उभी राहून भट्टी बघते. आच कधी वाढवायची, कधी धरून ठेवायची, सगळं कळतं मला. भट्टीवर आजवर बाई बसलेली नाही. नियम नाही तसा, पण झालेलंही नाही. आणि दुसरा उमेदवार म्हणजे अक्कांचा भाचा. त्याला त्यांनीच लहानाचा मोठा केला. मुलगा वाईट नाही, पण भट्टीसमोर डुलक्या काढतो.

करू का अर्ज? गोड बोलू नकोस. तू गोड बोलत नाहीस म्हणून तर तुला विचारतेय.

पत्र कारखान्याच्याच पत्त्यावर टाक. घराच्या पेटीला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नाही.

तोफ


२ मार्च

प्रिय तोफ,

सप्रेम नमस्कार. (नोटीस नाही.)

न सांगता निघाले ही चूक. पुन्हा होणार नाही.

चंपीचं वाचलं. तिच्या पत्रात मी तिच्या पाठदुखीबद्दल विचारलं होतं. तेही लोकांनी वाचलं असेल. मी ज्या चौकातून उठून आले, माझं अक्षर तिथेच जाऊन उभं राहिलं. तिचं उत्तर नाही. बाकी दोघींचंही नाही. तू आहेस.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी तीन दिवस विचार केला, म्हणून ते घाईचं समजू नकोस.

अर्ज कर.

तू दोन वर्षं स्वतःचा वेळ घालून शिकलीस. काम तुला येतं. बाई बसली नाही, कारण बाईने अर्ज केला नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पाटी हातात धरली नव्हती. बाबा ट्रकमधून पोती उतरवतात, आई इमारतींचे जिने पुसते. 'आपल्यात नसतं तसं' हे वाक्य मला पाठ आहे, आणि ते किती पोकळ असतं तेही मला ठाऊक आहे.

अक्कांच्या भाच्याची भीड धरू नकोस. तूच लिहिलंस की तो भट्टीसमोर डुलक्या काढतो. अक्का मोठ्या असतील, करारी असतील, पण त्यांच्या मायेपायी तू मागे राहिलीस तर तो त्यांचा मान नाही, तुझा भित्रेपणा आहे. भिडेपोटी भीक मागायची वेळ येते, असं माझी आई म्हणते.

कडक वाटलं तर माफ कर. तू मागितलंस म्हणून दिलं.

काटेबाई


९ मार्च

काटे,

तुला एक गोष्ट सांगायची राहिली होती.

टपाल येतं तेव्हा माझे हात कोपरापर्यंत मातीत असतात, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला दम धरवत नाही. अख्ख्या विभागात कोरडे हात फक्त अक्कांचे. तुझं पहिलं पत्र त्यांनीच मला वाचून दाखवलं. मोठ्याने. मशीनच्या आवाजात हळू वाचलेलं ऐकू कुठे येतं? तुझ्या आजोबांची गोष्ट ऐकून सगळ्यांचे स्पंज थांबले. मग जो तो विचारू लागला, त्या औषधवालीचं पत्र कधी येणार?

परवा आलं. अक्कांनी चष्मा चढवला. 'नोटीस नाही' ऐकून सगळ्या हसल्या. चंपीला शिव्या पडल्या. तुझ्या आई-बाबांचं वाचलं तेव्हा पुन्हा स्पंज थांबले. आणि मग 'अक्कांच्या भाच्याची' असे शब्द आले.

मी ओरडले, "अक्का, राहू द्या पुढचं!"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "का गं? अर्ध्यात सोडलेलं वाचन मला आवडत नाही."

आणि वाचलं. डुलक्या, माया, भित्रेपणा, भीक, सगळं. एकही शब्द गाळला नाही. मग घडी घातली, माझ्या एप्रनच्या खिशात सरकवली आणि हातोडी उचलली. त्यानंतर माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

गंमत ऐक. अर्ज मी त्याच दिवशी दिला. लपवायला काही उरलंच नव्हतं.

चाचणी अशी आहे. दोघांनी लहान भट्टीत एकेक खेप भाजायची. आणि माल कोण तपासणार? अक्का. कारखान्यात तो कान दुसऱ्या कुणाला नाही.

तू काही मनाला लावून घेऊ नकोस.

तोफ


१५ मार्च

तोफ,

मनाला लावून घेऊ नको, असं तू म्हणतेस.

मी ते पत्र तुला लिहिलं होतं. एकटीला. आजोबांचं, माझ्या घामाचं, आईच्या जिन्यांचं, सगळं तुला लिहिलं होतं. चारशे माणसांसमोरून उठून मी एका माणसाकडे आले, आणि त्या माणसाने माझ्या पत्रापुढे नवा फड भरवला. चंपीने निदान माहीत नसलेल्या लोकांना दाखवलं. तू तर माझ्याच तोंडून त्या बाईंना त्यांनी वाढवलेल्या मुलाबद्दल ऐकवलंस, आणि आता त्याच तुझा माल तपासणार. तुझी जागा गेली तर ती माझ्या वाक्यामुळे जाईल. मी इथे गोळ्या दोनदा मोजते, आणि तिकडे माझा एक परिच्छेद तुझी दोन वर्षं बुडवतोय.

मला आता काय लिहावं कळत नाही. म्हणून लिहीत नाही.


२० एप्रिल

प्रिय तोफ,

मागच्या महिन्यात मी फोन केला. तू म्हणालीस, "मजेत." मी म्हणाले, "मीही." मग तू म्हणालीस, "बाकी?" मी म्हणाले, "बाकी काही नाही." एवढं धडधडीत खोटं आपण समोरासमोर कधी बोललो नसतो.

काल आई पाय शेकत बसली होती. म्हणाली, "तुझ्या त्या तोफेचं पत्र आलं नाही का गं बरेच दिवसांत? भट्टीचं काय झालं तिच्या?"

मी म्हटलं, "आमचं बिनसलंय. तिने माझी पत्रं सगळ्यांत वाचून घेतली."

आई माझ्याकडे बघतच राहिली. "मग तू मला तिची वाचून दाखवतेस ते काय असतं?"

"ते वेगळं. तुला वाचता येत नाही."

"आणि तिचे हात ओले."

बाबा कोपऱ्यातून म्हणाले, "मी तर शेजाऱ्यालाही सांगितलं त्या टिचकीवाल्या बाईचं. चालतं ना?"

तोफे, लहानपणापासून आमच्या घरात आलेला प्रत्येक कागद मी मोठ्याने वाचला आहे. विजेचं बिल, शाळेची सूचना, मामाच्या लग्नाची पत्रिका. वाचणारी एक आणि ऐकणारे सगळे. कागद कुणा एकाच्या मालकीचा असतो हे मी वसतिगृहात शिकले. आणि तुझी पत्रं आली तेव्हा काही न ठरवता मी आईच्या शेजारी बसून वाचायला लागले. तुझा खोकला, तुझी गुपितं, सगळं आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तुला एका शब्दाने विचारलं नाही.

तू मला न विचारता वाचून घेतलंस, मी तुला न विचारता वाचून दाखवलं. फिटंफाट. मग फक्त भट्टीची काळजी उरते, आणि ती मला खाते आहे.

सोबत अक्कांना वेगळा कागद आहे. त्यात लिहिलं आहे की ते मत माझं होतं, तुझं नव्हे, आणि ते मी मागे घेत नाही, पण त्यांना ते असं ऐकावं लागलं याचं मला वाईट वाटतं. त्यांना दे. त्या मोठ्याने वाचणार असतील तर वाचू देत.

काटेबाई


४ मे

औषधवाल्या पोरीस,

तुझा कागद मिळाला. माझं लिहिणं चौथीपर्यंतचं आहे, तेव्हा अक्षराला हसायचं नाही.

त्या दिवशी ते वाक्य मी गाळू शकले असते. पुढची ओळ डोळ्याला आधी दिसते, तोंडाला मागून. मला दिसलं होतं. वाचलं. कारण मी बेसिनला कान लावते तेव्हा ते कुणी बनवलं हे बघत नाही, तसंच पत्राचं. आणि पोरगं डुलक्या काढतं हे मला त्याच्या जन्मापासून ठाऊक आहे. बोलले नाही, कारण सगळ्यांदेखत काय बोलणार? घरी गेल्यावर त्याला बोलले. भरपूर बोलले.

आता चाचणीचं ऐक. तुझ्या तोफेने लिहिलं असतं, पण ती लिहील वाकडंतिकडं.

मी साहेबांना सांगितलं, कोणती खेप कुणाची हे मला कळता कामा नये. माल मिसळून आणा, खुणा खाली करा. त्यांनी तसं केलं. सगळा विभाग भिंतीला लागून उभा. तुझी तोफ पण. आयुष्यात पहिल्यांदा ती एवढा वेळ गप्प होती.

एकेक वाजवत गेले. काही तर घंटेसारखी वाजली. मला भाजलेल्या मालाच्या आवाजात तीस वर्षं झाली, पण तसा आवाज रोज येत नाही. आणि काही बद्द. बारीक चीर, डोळ्याला न दिसणारी. घाईने भट्टी उघडली की गार हवा लागून येते तशी. मी आपली डावीकडे, उजवीकडे लावत गेले.

मग उलटी करून खुणा बघितल्या. घंटा तिच्या होत्या. बद्द माझ्या पोराची.

भट्टीवाले काकांनी नंतर सांगितलं, निवायला ठेवल्यावर ही पोरगी दारासमोर स्टुलावर बसून राहिली, आणि दार उघडा म्हणून कुणी म्हटलं की त्याला पिटाळून लावत होती. माझ्या पोराने उघडलं. सिनेमाला जायचं होतं.

मला वाईट वाटलं का? वाटलं. त्याची मी आई नाही, पण दुसरी कोण आहे? पण बेसिन बद्द वाजलं आणि मी खणखणीत म्हटलं, असं कधी झालेलं नाही. पुढेही होणार नाही. साहेबांनी विचारलं, "अक्का, नक्की?" मी म्हटलं, "माझ्या कानावर विश्वास नसेल तर उद्यापासून तुम्ही वाजवा."

पोरगं आता तिच्या हाताखाली आहे. झोपलं तर ती तोफ डागते.

तू भीड धरू नको असं लिहिलंस. बरं केलंस. माझी धरली नाहीस तेही बरं केलंस. माझी सगळे धरतात, त्याचा कंटाळा येतो.

महिना झाला तुझं पत्र नव्हतं. बायका मला विचारायच्या, जणू मीच अडवून ठेवलंय. यापुढे असं करायचं नाही.

अक्का


११ मे

काटेबाई,

अक्कांनी सगळं लिहिलं असणार, मला काही शिल्लक ठेवलं नसणार. तरी सांगते.

मी भट्टीवर आहे. माझं नाव पाटीवर लावलंय, पांढऱ्या रंगाने, काकांच्या नावाच्या जागी. पहिल्या दिवशी मी तीनदा कारण काढून त्या पाटीवरून गेले. काका म्हणाले, "अगं, पाटी पळून नाही जात."

तुझ्यावर मी चिडले नव्हते. घाबरले होते. मला वाटलं, गेली ही, आता ही कुठल्याच ग्रुपमध्ये नाही की जिथे जाऊन मी डोकावून बघीन, ही जिवंत आहे का, रागात आहे का. मग चंपीला विचारलं, तिने दोन रडके चेहरे पाठवले. त्याने काय कळणार? शेवटी कळलं, तुझ्याकडे यायची एकच वाट आहे, आणि ती मलाच चालायची आहे. तेवढ्यात तू आधी आलीस. नेहमीसारखी.

बाबांनी शेजाऱ्याला सांगितलं त्याला माझी हरकत नाही. आणखी दोघांना सांगितलं तरी चालेल.

आता एक अडचण. भट्टीवर हात कोरडे असतात. तुझं पत्र आता माझं मीच वाचू शकते. मागचं आलं तेव्हा मी फोडायला घेतलं आणि सगळा विभाग माझ्याकडे बघायला लागला, मी कुणाचं काही चोरल्यासारखं. मी उठले, जाऊन ते अक्कांच्या हातात दिलं आणि परत भट्टीपाशी येऊन बसले. दार उघडं ठेवलं, ऐकू यावं म्हणून. भट्टीचं नव्हे, खोलीचं.

पण हे तुझ्या मर्जीविरुद्ध नको. नको म्हणालीस तर पुढचं पत्र मी एकटी वाचीन. स्पष्ट लिही. गोड बोलू नकोस.

तोफ


१९ मे

प्रिय तोफ,

सप्रेम नमस्कार. मी खुशाल आहे.

आईने आज जिने पुसताना चौथ्या मजल्यावरच्या बाईंना थांबवून सांगितलं, "आमच्या मुलीची मैत्रीण भट्टी चालवते. तिच्याआधी तिथे बाई नव्हती." बाईंना कुठली भट्टी, कुठली मैत्रीण, काही माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "हो का, छान." आई म्हणाली, "छान नाही, अवघड असतं ते." घरी येऊन तिने हे मला दोनदा सांगितलं.

मी अजून घाबरते. काल एका बाटलीची चिठ्ठी चार वेळा वाचली. लिहिलेलं पाकीट पेटीत टाकण्याआधी अजूनही पुन्हा फोडून बघते. ते जाणार नाही. पण आता तू स्टुलावर बसून दार राखतेस तसं काहीसं मीही करते, असं मी स्वतःला सांगते, आणि मग जरा ताठ उभी राहते.

तू विचारलंस, पत्र कुणी वाचायचं. मी तीन दिवस विचार केला. कधी फक्त तुझ्यासाठी काही असेल तर मी वर तसं लिहीन आणि अक्का तिथे थांबतील. वाक्य अर्धं सोडायला त्यांना आवडत नाही, तरी थांबतील, मी सांगितलं म्हणून नव्हे, तर तू सांगशील म्हणून. बाकी सगळं सगळ्यांचं.

तर अक्का, आता जरा आवाज चढवा, आणि भट्टीचं दार नव्हे, खोलीचं दार उघडं आहे ना ते बघा. पुढची ओळ तिला ऐकू गेली पाहिजे आणि तिच्या हाताखालच्या मुलालाही.

मला या बाईचा अभिमान आहे. आणि हे खासगी नाही.

काटेबाई